रंग मोजणारे खोके : चार विषय एका प्रयोगात खरोखर कधी येतात

'विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र' असे वर लिहिलेले शैक्षणिक साहित्य उघडून पाहिले की बरेचदा त्यात एकच विषय सापडतो. बाकीचे नावापुरते असतात. कागदाचा पूल बांधायचा, कृतिपत्रिकेत 'पुलाची लांबी मोजा' अशी ओळ टाकायची, की झाले गणित. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती लांबी कुणी मोजली नाही तरी पूल तसाच उभा राहतो.

असे साहित्य पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्यातला एकेक विषय मनातल्या मनात काढून टाकायचा आणि काम कुठे अडते का ते पाहायचे. अडले, तर तो विषय तिथे खरोखर आहे. नाही अडले, तर ती सजावट आहे.

या कसोटीला उतरणारे, सुट्या भागांतून तास-दीड तासात उभे राहणारे आणि १३ ते १७ वर्षांच्या मुलांना झेपणारे एक उपकरण म्हणजे साधा वर्णमापी. एका काळ्या खोक्यात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग आणि मध्ये रंगीत पाण्याची बाटली. पाण्यात रंग किती आहे, हे तो आकड्यात सांगतो. तो कसा बांधायचा, त्यावर काय मोजायचे आणि तो कुठे कुठे फसतो, हे इथे पाहू. फसण्याला जागा जास्त दिली आहे, कारण एका विषयाचा प्रश्न दुसऱ्या विषयात जाऊन सुटतो तो बहुतेक तिथेच.

आधी तत्त्व

रंगीत पाण्यातून प्रकाश गेला की त्यातला काही भाग रंग शोषून घेतो. रंग जास्त, तर पलीकडे पोचणारा प्रकाश कमी, इथपर्यंत सगळ्यांना पटते. पुढची पायरी तितकी सरळ नाही. समजा, एका पातळ द्रावणाने १०० पैकी ६३ भाग प्रकाश पुढे जाऊ दिला. त्याच द्रावणाचा तेवढ्याच जाडीचा दुसरा थर मागे ठेवला, तर किती उरेल? पुष्कळ मुले सांगतात २६, म्हणजे आणखी ३७ वजा. खरे उत्तर ४० च्या जवळ आहे, कारण दुसऱ्या थरापर्यंत पोचतातच मुळी ६३ भाग आणि त्यांतले ६३ टक्के पुढे जातात. तिसऱ्या थरानंतर २५, चौथ्यानंतर १६, पाचव्यानंतर १०. प्रत्येक थर त्याच्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खातो. ठरावीक रक्कम नाही.

थराच्या जाडीबद्दलची ही गोष्ट पिएर बूगेर यांनी १७२९ मध्ये मांडली, योहान लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये तिला गणिती रूप दिले आणि ऑगस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये तिचा संबंध द्रावणाच्या संहतीशी, म्हणजे दाटीशी, जोडला. पाठ्यपुस्तकात तिला बेअर-लॅम्बर्ट नियम म्हणतात. बूगेर यांचे नाव त्यात बहुधा येत नाही.

मोजमापासाठी 'शोषणांक' ही संख्या वापरतात. प्रकाश दहापट कमी झाला तर शोषणांक १, शंभरपट कमी झाला तर २. म्हणजे प्रकाश किती पट घटला, त्या पटीचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम. याचा फायदा असा की संहती दुप्पट केली की शोषणांकही दुप्पट होतो. वाकडे नाते सरळ करण्यासाठीच ही संख्या काढली आहे. मुलांना मात्र हे आधी सांगू नये. त्यांच्याच आकड्यांतून ते निघते.

साहित्य

एका खोक्यासाठी एवढे लागते :

- ५ मिलिमीटरचे तीन एलईडी : लाल (तरंगलांबी सुमारे ६३० नॅनोमीटर), हिरवा (सुमारे ५२५) आणि निळा (सुमारे ४७०)
- २७० ओहमचा एक रेझिस्टर
- १.५ व्होल्टचे तीन सेल आणि त्यांचा होल्डर
- एक एलडीआर, म्हणजे प्रकाश वाढला की ज्याचा रोध (वीज अडवण्याची क्षमता) कमी होतो असा रेझिस्टर
- रोध मोजणारा मल्टिमीटर
- जाड काळे कार्ड, काळी चिकटपट्टी, ट्रेसिंग पेपरचा छोटा तुकडा
- १ ते २ सेंटिमीटर रुंदीची, सपाट बाजूंची पारदर्शक बाटली किंवा प्लॅस्टिकची क्युव्हेट (प्रयोगशाळेतली छोटी चौकोनी नळी)
- १० मिलिलिटरची सिरिंज, झाकणाच्या सहा बाटल्या
- निळा खाद्यरंग

रेझिस्टर २७० ओहमचाच का, हा प्रश्न मुलांकडून सोडवून घ्यावा. तीन सेलचे मिळून ४.५ व्होल्ट. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट खर्च होतात, उरले २.५. त्याला २७०ने भागले की ९.३ मिलिअँपिअर येतात. अशा एलईडीची नेहमीची मर्यादा २० मिलिअँपिअर असते, त्यामुळे तो तापत नाही आणि उजेडही पुरेसा मिळतो. निळा आणि हिरवा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतात. त्यांच्यातून याच रेझिस्टरमुळे साडेपाच मिलिअँपिअर जातात आणि तेवढे पुरतात. रेझिस्टर न लावता एलईडी थेट सेलला जोडला, तर लाल एलईडी हमखास जळतो.

खाद्यरंग निळाच निवडण्याला कारण आहे. निळ्या खाद्यरंगात नेहमी आढळणारा ब्रिलियंट ब्लू हा रंग ६३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतो. लाल एलईडी नेमका तिथेच प्रकाश देतो. हिरवा खाद्यरंग सुरुवातीला टाळावा. तो बहुधा निळा आणि पिवळा यांचे मिश्रण असतो आणि आकडे समजावून सांगणे अवघड होऊन बसते. जुन्या प्रयोगपुस्तिकांत पोटॅशिअम परमँगनेट असते. ते हिरव्या एलईडीला उत्तम जुळते, पण कपड्यांवर आणि हातांवर डाग पाडते, शिवाय ते ऑक्सिडीकारक आहे. लहान वर्गांत खाद्यरंगच बरा.

बांधणी

कार्डाचे साधारण १० सेंटिमीटर लांब, ६ रुंद आणि बाटलीपेक्षा थोडे उंच खोके करावे. मधोमध बाटली घट्ट बसेल असा कप्पा. कप्प्याच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर ४ मिलिमीटरचे एकेक भोक, तळापासून २ सेंटिमीटरवर. एका भोकामागे एलईडी, दुसऱ्यामागे एलडीआर. दोन्ही एका रेषेत हवेत आणि बाटलीतल्या पाण्याची पातळी भोकांच्या किमान १ सेंटिमीटर वर हवी. पातळी खाली असेल तर प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागाला लागून वाकतो आणि दर वेळी वेगळा आकडा येतो.

एलईडीच्या तोंडाशी ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावावा. पारदर्शक एलईडीचे डोके भिंगासारखे असते, तो झोत एका ठिपक्यावर पाडतो आणि बाटली केसभर सरकली तरी वाचन उडी मारते. कागदामुळे प्रकाश पसरतो. उजेडही थोडा कमी होतो, तेही सोयीचेच. साध्या पाण्याची बाटली ठेवल्यावर रोध दीड ते तीन किलोओहमच्या दरम्यान आला, तर पुढचे सगळे आकडे मल्टिमीटरच्या २० किलोओहमच्या पट्ट्यात बसतात.

झाकण खोक्याच्या बाजूंवरून किमान २ सेंटिमीटर खाली यायला हवे. झाकण नुसते वर टेकवले तर फटीतून उजेड शिरतो. एलईडी आणि एलडीआरच्या तारा जिथून बाहेर येतात ती भोके काळ्या चिकटपट्टीने बुजवावीत, पण दोन तारा एकमेकींना टेकणार नाहीत हे पाहून. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. एलडीआरला दिशा नसते, तो कसाही जोडला तरी चालतो.

रंगाआधीची चाचणी

बाटलीच्या जागी काळ्या कार्डाचा तुकडा उभा करा, एलईडी चालू ठेवा, झाकण लावा आणि मिनिटभर थांबा. आता एलडीआरला प्रकाश मिळायलाच नको. मल्टिमीटरवर २५० किलोओहमहून जास्त आकडा आला, तर हजारात एका भागापेक्षा कमी प्रकाश चोरून येतो आहे, खोके उत्तम. आकडा ३० किलोओहमच्या आसपास अडकला, तर सुमारे २ टक्के प्रकाश बाटलीला वळसा घालून पोचतो आहे. (साध्या पाण्याला २ किलोओहम येतात असे धरून हे आकडे काढले आहेत.) मग एलईडी बंद करून पुन्हा बघा. तरीही आकडा कमीच असेल, तर प्रकाश बाहेरून येतो. वाढला, तर आतल्या आत कप्प्याच्या कडेने किंवा तळाखालून येतो. विजेरी खोक्याभोवती फिरवली की बाहेरची फट लगेच सापडते.

ही चाचणी कंटाळवाणी वाटते म्हणून गटागटांनी टाळली जाते. दोन टक्के चोरटा प्रकाश काय करतो ते पाहा. खरा शोषणांक १ असेल तिथे वर्णमापी ०.९३ दाखवतो. खरा २ असेल तिथे जेमतेम १.५. म्हणजे पातळ द्रावणांत चूक कळतही नाही आणि दाट द्रावणांत आलेख वाकून आडवा होतो. मुले मग 'नियम दाट द्रावणांना लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष हुशारीचा आहे, पण कारण फटीत आहे.

द्रावणे आणि वाचने

एक लिटर पाण्यात निळ्या खाद्यरंगाचा एक थेंब टाकून ढवळावे. वेगवेगळ्या रंगांची मूळ दाटी वेगळी असते, म्हणून थेंबांवर विसंबू नये. हे द्रावण खोक्यात ठेवल्यावर रोध साध्या पाण्याच्या चार ते पाचपट आला पाहिजे. जास्त आला तर पाणी वाढवा, कमी आला तर रंग. जुळले की त्याला '१०० टक्के' म्हणायचे. रंगाच्या पुडीत मीठ किंवा साखरही मिसळलेली असू शकते, त्यामुळे 'लिटरला इतके मिलिग्रॅम' असे लिहिण्यापेक्षा ही सापेक्ष टक्केवारी जास्त प्रामाणिक आहे.

आता सिरिंजने ८ मिलिलिटर रंग आणि २ पाणी (८० टक्के), ६ आणि ४, ४ आणि ६, २ आणि ८, अशी द्रावणे करावीत. सोबत शुद्ध पाणी. मोजताना सगळी द्रावणे एकाच बाटलीत, एकाच बाजूने ठेवावीत. बाटलीवर पेनाने खूण करून ती खूण नेहमी एलईडीकडे. पातळकडून दाटकडे जावे आणि दर वेळी पुढच्या द्रावणाच्या थोड्या भागाने बाटली विसळून तो भाग टाकून द्यावा. हे विसळणे छोटे वाटते, पण १० मिलिलिटर द्रावणात आधीचे अर्धा मिलिलिटर पाणी राहून गेले तर ८० टक्क्यांचे ७६ होतात.

साध्या पाण्याला २.०० किलोओहम आले आणि सगळे नीट जमले, तर आकडे साधारण असे येतील :

० टक्के : २.०० किलोओहम
२० टक्के : २.७६
४० टक्के : ३.८१
६० टक्के : ५.२६
८० टक्के : ७.२६
१०० टक्के : १०.०२

इथे घाई करू नये. मुलांना विचारावे, रंग दर वेळी २० टक्क्यांनीच वाढवला, मग रोध तेवढ्याने का वाढत नाही? फरक काढले तर ०.७६, १.०५, १.४५, २.००, २.७६ असे वाढत जातात. आलेख वर वळतो. कुणीतरी भागाकार करून पाहील अशी वाट बघावी. नाहीच केला, तर 'वजाबाकीऐवजी दुसरे काही करून बघा' एवढेच सांगावे. प्रत्येक आकडा मागच्या आकड्याच्या १.३८ पट आहे. फरक बदलतात, पट तीच राहते. रंगाचा प्रत्येक वाढीव हिस्सा प्रकाशाचा ठरावीक भाग खातो, हे इथे पहिल्यांदा दिसते, तेही मुलांनी स्वतः लिहिलेल्या आकड्यांत.

लॉगॅरिदमची गरज आता आपोआप निर्माण होते. पट सारखी असेल तर लॉगॅरिदमचे फरक सारखे असतात, म्हणून रोधाचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर घेतला की बिंदू सरळ रेषेत येतात. लॉगॅरिदम अजून न शिकलेल्या वर्गाला अर्ध-लॉग आलेख कागद द्यावा. त्यावर नुसते आकडे मांडले तरी रेषा सरळ येते. गणित काढून टाकले तर या प्रयोगात सहा आकड्यांची यादी उरते आणि काम तिथेच थांबते.

एलडीआर प्रकाशाशी किती प्रामाणिक?

तीक्ष्ण विद्यार्थी इथे अडवेल. सुरुवातीच्या उदाहरणात प्रत्येक थरामागे प्रकाश ६३ टक्के उरत होता, म्हणजे १.५९ पट कमी होत होता. इथली २० टक्क्यांची प्रत्येक पायरी तशाच एका थराएवढा प्रकाश खाते, मग रोध १.३८ पटच का वाढला? कारण एलडीआरचा रोध प्रकाशाच्या सरळ व्यस्त प्रमाणात बदलत नाही. प्रकाश दहापट कमी झाला तर त्याचा रोध दहापट न वाढता साधारण पाचपटच वाढतो. हे नाते घातांकाने लिहितात; घातांकाला गॅमा म्हणतात आणि तो बऱ्याच एलडीआरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. वरच्या आकड्यांत तो ०.७ धरला आहे. खरा शोषणांक हवा असेल, तर रोध किती पट वाढला त्याचा लॉगॅरिदम काढून गॅमाने भागायचा. १०० टक्के द्रावणासाठी रोध ५.०१ पट, त्याचा लॉगॅरिदम ०.७०, भागिले ०.७, बरोबर १.

गॅमा स्वतः मोजताही येतो. अंधाऱ्या खोलीत छोटा बल्ब घेऊन एलडीआर त्याच्यापासून आधी २० आणि मग ४० सेंटिमीटरवर धरायचा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. रोध २.६४ पट झाला तर गॅमा ०.७. खोक्यातला एलईडी यासाठी नको. त्याच्या झोतामुळे व्यस्तवर्गाचा नियम नीट लागू पडत नाही. आणि १३-१४ वर्षांच्या मुलांच्या वर्गात हा सगळा भाग गाळला तरी चालतो. अज्ञात द्रावणाची संहती काढायला त्यांचा स्वतःचा आलेख पुरेसा आहे, गॅमा काहीही असो.

कुठे फसते

सर्वांत जास्त त्रास एलडीआरच्या आठवणीचा होतो. बाटली बदलताना झाकण उघडले की खोलीतला उजेड एलडीआरवर पडतो आणि पुन्हा अंधारात गेल्यावर त्याचा रोध सावकाश चढत राहतो. घाईने पहिल्या सेकंदाला वाचन घेतले तर ते कमी येते. उपाय दोन : खोलीत उजेड मंद ठेवायचा आणि झाकण लावल्यावर दर वेळी घड्याळाकडे बघून ३० सेकंदांनीच वाचन लिहायचे. आकडा पूर्ण स्थिर झाला नसेल तरी चालेल. सगळ्या वाचनांना सारखाच वेळ मिळाला पाहिजे.

दुसरा त्रास सेलचा. तीन सेलचे मिळून ४.५चे ४.२ व्होल्ट झाले, तर लाल एलईडीतला प्रवाह ९.३ वरून ८.१ मिलिअँपिअरवर येतो, म्हणजे प्रकाश सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. वर्णमापीला ते रंग वाढल्यासारखेच दिसते, शोषणांकात ०.०५ ची खोटी भर पडते, जी २० टक्क्यांच्या एका पायरीच्या चौथाई आहे. निळा एलईडी लावला असेल तर हीच चूक जवळजवळ दुप्पट होते, कारण त्याच्यासाठी मुळात दीडच व्होल्ट उरलेले असतात. म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीनदा साधे पाणी मोजावे. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर सेल उतरले असे समजावे, किंवा एलडीआर अजून स्थिरावला नव्हता असे. दोन्हींतले खरे कोणते, हे ठरवायची युक्ती मुलांनाच शोधू द्यावी : दहा मिनिटे कशालाही हात न लावता साधेच पाणी मोजत राहिले की कळते.

बाटलीच्या आत चिकटलेले बुडबुडे, बाहेरचे थेंब आणि बोटांचे ठसे यांनीही प्रकाश विखुरतो. नुकतेच नळातून काढलेले पाणी थोडा वेळ उघडे ठेवले की बुडबुडे कमी होतात.

एक चूक मात्र मुद्दाम करू द्यावी. सगळे नीट जमल्यावर लाल एलईडी काढून निळा लावायला सांगावा. तीच निळी द्रावणे, तेच खोके, आणि वाचने जवळजवळ हलतच नाहीत. निळे द्रावण निळे दिसते ते निळा प्रकाश सोडून देते म्हणून, हे त्या न हलणाऱ्या आकड्यांनी जितके पटते तितके रंगचक्राच्या आकृतीने पटत नाही. आणि निळे द्रावण मोजायला लाल दिवा का घेतला, याचे उत्तर तोवर कुणी दिले नसेल तर ते इथे मिळते.

मायक्रोकंट्रोलर कधी आणावा

मल्टिमीटरच्या जागी आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप, लावून वाचने थेट संगणकावर घेता येतात. हे करावे, पण दुसऱ्या फेरीत. मायक्रोकंट्रोलर रोध मोजत नाही, व्होल्टेज मोजतो; त्यामुळे एलडीआरला १० किलोओहमचा रेझिस्टर एकसर जोडून ५ व्होल्ट विभागावे लागतात. एलडीआर ५ व्होल्टच्या बाजूला आणि रेझिस्टर ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, बाजूला असेल, तर वरच्याच सहा द्रावणांना ० ते १०२३ या पट्टीवर साधारण ८५३, ८०२, ७४१, ६७०, ५९३ आणि ५११ हे आकडे मिळतात. फरक पाहा : ५१, ६१, ७१, ७७, ८२. आलेख नजरेला जवळजवळ सरळ दिसतो.

हा योगायोग आहे. एलडीआरचा वाक आणि विभाजकाचा वाक यांनी एकमेकांना बरेचसे झाकून टाकले. मुले खुशीत सरळ रेषा ओढतात, 'संहती आणि प्रकाश सम प्रमाणात' असे लिहितात, आणि सगळ्या प्रयोगाचा गाभा हरवतो. रेझिस्टर १० ऐवजी १ किलोओहमचा लावला की तोच आलेख दुसरीकडे वाकतो. तयार संचांत बहुतेक वेळा विभाजक आधीच जोडलेला असतो आणि पडद्यावर 'प्रकाश' म्हणून हाच कच्चा आकडा येतो. असा संच वापरायचाच असेल तर त्या आकड्यावरून आधी रोध काढून घ्यावा : १०२३ ला वाचनाने भागायचे, त्यातून १ वजा करायचा आणि १० ने गुणायचे, उत्तर किलोओहममध्ये येते. एवढी एक ओळ मुलांनी स्वतः प्रोग्रॅममध्ये लिहिली की मग संगणक कामाचा.

खोके झाले, आता काय मोजायचे

मोठ्या मुलांसाठी सर्वांत चांगला पुढचा प्रयोग म्हणजे रंग उडण्याचा वेग. ८० टक्क्यांच्या २० मिलिलिटर निळ्या द्रावणात घरगुती ब्लीच, म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइटचे द्रावण, १ मिलिलिटर घालायचे, पटकन बाटलीत ओतायचे आणि दर ३० सेकंदांनी वाचन घ्यायचे. ब्लीचची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून रंग अर्धा व्हायला दोन ते पाच मिनिटे लागतील असे प्रमाण शिक्षकांनी आधी ठरवून ठेवावे. त्याहून वेगवान क्रियेच्या मागे एलडीआर धावू शकत नाही. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळू देऊ नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. हे मोजण्याच्या टेबलावरच नाही, तर उरलेले द्रावण टाकतानाही लागू आहे.

ब्लीच रंगाच्या मानाने खूप जास्त असल्याने ते जवळपास न संपता राहते, आणि रंग अर्धा व्हायला दर वेळी सारखाच वेळ लागतो. शोषणांक ०.८ चा ०.४ व्हायला तीन मिनिटे लागली, तर ०.४ चा ०.२ व्हायलाही तीनच. किरणोत्सारी पदार्थांचे अर्धायुष्य आणि शरीरातून बरीच औषधे कमी होण्याचा वेग यांचे गणित हेच आहे. इथली नेहमीची चूक : मुले रोध अर्धा झाला की रंग अर्धा झाला असे धरतात. रोध ७.२६ चा ३.६३ झाला म्हणजे रंग ८० टक्क्यांवरून ३७ वर आला, अर्ध्याच्याही खाली. आधी आलेखावरून टक्केवारी वाचायची, मगच वेळ मोजायची.

जीवशास्त्राकडे जायचे असेल तर यीस्ट. पेशी वाढल्या की द्रव गढूळ होतो. ०.१ ग्रॅम कोरडे यीस्ट १०० मिलिलिटर पाण्यात घातले तरी गढूळपणा सहज मोजता येतो, म्हणून वाढ बघायला याहूनही कमी घ्यावे. नुसत्या साखरेच्या पाण्यात यीस्ट फसफसते, पण फारसे वाढत नाही. नव्या पेशींना नायट्रोजन लागतो आणि साखरेत तो नसतो. आलेख आडवाच राहिला की पहिला संशय यावर घ्यावा. दर वाचनाआधी बाटली हलक्या हाताने उलटसुलट करावी, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि यीस्ट 'कमी झाल्या'चे दिसते. इथे प्रकाश शोषला जात नाही, विखुरतो, म्हणून एलईडीचा रंग फारसा महत्त्वाचा नसतो. पण खोक्याची रचना फार महत्त्वाची असते, आणि दोन खोक्यांचे गढूळपणाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

वर्गाची मांडणी

गट तिघांचा : एक द्रावणे हाताळतो, एक मल्टिमीटर वाचतो, एक लिहितो, प्रत्येक मालिकेनंतर अदलाबदल. चौथा आला की तो बघ्या होतो. ४० मिनिटांच्या पाच तासिका धराव्यात : बांधणीला दीड, गळतीची चाचणी आणि दुरुस्तीला अर्धी, द्रावणे आणि वाचनांना एक, आलेखाला एक आणि अज्ञात द्रावणाला एक. दुरुस्तीची अर्धी तासिका नियोजनात नसेल तर ती आलेखाच्या तासिकेतून जाते, आणि नेमका तोच वेळ सर्वांत मोलाचा.

छापील कृतिपत्रिकेत तयार तक्ता देऊ नये. कोणते रकाने लागतील, साध्या पाण्याचे वाचन कुठे लिहायचे, वेळ नोंदवायची की नाही, हे ठरवणे हा प्रयोगाचाच भाग आहे. त्याऐवजी मोजण्याआधी अंदाज लिहायला एक मोकळी ओळ द्यावी : '६० टक्के द्रावणाचा रोध किती येईल आणि का?' ० आणि २० टक्क्यांची वाचने झाल्यावरच हा प्रश्न विचारायचा. सम प्रमाण मनात असलेला ४.२८ लिहितो, गुणाकाराचा संशय आलेला ५.२ च्या आसपास.

मूल्यमापनाला लेखी प्रश्नांपेक्षा अज्ञात द्रावण चांगले. शिक्षकांनी ४५ टक्क्यांचे द्रावण करून 'क' अशी चिठ्ठी लावून द्यावे. वरच्या आलेखाप्रमाणे त्याचा रोध ४.१३ किलोओहमच्या जवळ यायला हवा. उत्तर एका आकड्यात घेऊ नये. तीनदा मोजून ४.०५ ते ४.२५ दरम्यान वाचने आली असतील, तर आलेखावरून ते ४४ ते ४७ टक्के होते, आणि असेच लिहिलेले उत्तर पूर्ण गुणांचे. '४५.३ टक्के' असे लिहिणाऱ्या गटाला दशांश चिन्हानंतरचा ३ कुठून आला हे विचारावे.

गटांनी एकमेकांची खोकी घेऊन तेच द्रावण आपल्याच जुन्या आलेखावर वाचले, तर उत्तरे बहुधा जुळणार नाहीत. दोन एलडीआर सारखे नसतात, बाटल्याही नसतात. म्हणून खोके, बाटली आणि आलेख यांना एकच क्रमांक द्यावा, आणि सेल किंवा एलईडी बदलला की तो आलेख रद्द समजून नवा काढावा.